दिवाळी अंकाच्या तोंडावर बंद पडलेली छपाई : एका अपडेटचे प्रकरण

प्रकरणाविषयी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातील छोट्या मुद्रणालयात सप्टेंबर २०२१ मध्ये जे घडले, त्याची ही नोंद आहे. मुद्रणालयाचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी या प्रकरणात पाचव्या दिवशी आलो. त्याआधीच्या दिवसांचे वर्णन मालक, अक्षरजुळणी करणाऱ्या ताई आणि गावातील तंत्रज्ञ यांच्या सांगण्यावर, तसेच संगणकात राहिलेल्या अपडेटच्या नोंदींवर आधारलेले आहे. तिघांच्या सांगण्यात काही ठिकाणी फरक होता. अशा ठिकाणी मी संगणकातील नोंदींवर अधिक विश्वास ठेवला आहे.

पार्श्वभूमी

मुद्रणालयात चार संगणक होते. जुळणीचे दोन संगणक विंडोज ७ च्या ३२ बिट या जुन्या पद्धतीच्या आवृत्तीवर चालत. दर्शनी भागातील काउंटरवरचा संगणक आणि मालकांचा लॅपटॉप यांवर विंडोज १० होती. ए-थ्री आकाराचा एकच लेझर प्रिंटर यूएसबीच्या वायरने काउंटरच्या संगणकाला जोडलेला होता आणि तेथून तो बाकीच्यांना ‘शेअर’ केलेला होता. ही मांडणी कोणी ठरवून केलेली नव्हती. प्रिंटर आला त्या दिवशी काउंटरजवळ प्लग रिकामा होता, एवढेच तिचे कारण.

या प्रिंटरचे महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. छोट्या ऑफसेट मुद्रणालयात जुळलेला मजकूर आधी साध्या कागदावर प्रूफ म्हणून निघतो, मुद्रितशोधन होते, दुरुस्त्या होतात आणि मग तेच पान लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढले जाते. त्या ट्रेसिंगवरून प्लेट तयार होते आणि प्लेट यंत्रावर चढते. म्हणजे प्रिंटर थांबला की प्रूफ थांबते, ट्रेसिंग थांबते आणि काही तासांत आतली दोन्ही यंत्रेही थांबतात.

जुळणीचे संगणक २०२१ मध्येही विंडोज ७ वर का होते, हा प्रश्न बाहेरून आलेला प्रत्येक जण विचारी, आणि बहुतेकांच्या स्वरात थोडी कीव असे. कारणे मात्र पक्की होती. मुद्रणालयाची जुळणी पेजमेकर ७ या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होत असे. ही त्या प्रणालीची शेवटची आवृत्ती २००१ मधील असून तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, समजत नाही. मराठी टंकांसाठी जे सॉफ्टवेअर होते ते युनिकोडपूर्व काळातले होते, म्हणजे त्यात ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी रोमन लिपीतल्या एखाद्या चिन्हाच्या जागी बसवलेले असते आणि तो टंक नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली तर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. हे सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावायची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नसे आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते उपकरण वापरता यावे म्हणून लागणारा प्रोग्राम, फक्त ३२ बिटचा होता. अठरा वर्षांच्या फाइली याच पद्धतीत साठवलेल्या होत्या. त्यांत पतसंस्थांचे अहवाल होते, शाळांची प्रगतिपुस्तके होती आणि दरवर्षी किरकोळ बदल करून पुन्हा छापायची बिलबुके होती. मुद्रणालयाचे खरे भांडवल यंत्रांपेक्षा या फाइलींत होते.

विंडोज ७ ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी संपले होते. पुढील अपडेट पैसे भरून घेण्याची सोय व्यावसायिक संस्थांसाठी होती, या मुद्रणालयाने ती घेतलेली नव्हती. काउंटरचा संगणक मात्र दिवसभर इंटरनेटवर असे, कारण ग्राहकांचा मजकूर ईमेलने आणि व्हॉट्सॲपवरून तेथेच येई. येणाऱ्या मजकुरात वर्डच्या फाइली सर्वाधिक असत आणि त्यांतील निम्म्याअधिक अनोळखी माणसांकडून येत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण कशी उद्भवली

त्या वर्षी गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती. गौरी-गणपतीसाठी मुद्रणालय बंद होते. बुधवारी, १५ सप्टेंबरला, मालकांनी संध्याकाळी काही बिले करण्यापुरता काउंटरचा संगणक सुरू केला आणि निघताना पडद्यावर जो पर्याय पुढे आला तो दाबून बंद केला. तो पर्याय ‘अपडेट करा आणि बंद करा’ असा होता. मायक्रोसॉफ्ट आपले मासिक सुरक्षा-अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करते आणि अमेरिकेतील वेळेमुळे ते आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा पोहोचते. सप्टेंबरचे अपडेट १४ तारखेच्या रात्री आले होते.

गुरुवारी सकाळी ताईंनी पतसंस्थेच्या अहवालाचे पहिले प्रूफ काढायला घेतले, तेव्हा प्रिंटरशी जोडणी होत नाही असा संदेश आला आणि त्याखाली ‘११बी’ने संपणारा संकेतांक दिसला. दुसऱ्या संगणकावरही तेच झाले. आदल्या आठवड्यापर्यंत सर्व सुरळीत होते आणि जुळणीच्या दोन्ही संगणकांत कोणीही काही बदललेले नव्हते, त्यामुळे संशय प्रथम वायरीवर, मग प्रिंटरवर आणि शेवटी सुट्टीत आत शिरलेल्या उंदरांवर गेला.

याच तासाभरात मालकांनी आपल्या लॅपटॉपवरून त्याच प्रिंटरवर एक पत्र छापले आणि ते व्यवस्थित निघाले. या प्रकरणातील सर्वांत मोलाची खूण हीच होती. प्रिंटर ठीक आहे, शेअरिंगही चालू आहे आणि विंडोज १० ला दार उघडे असून विंडोज ७ ला ते बंद झाले आहे, हे त्या एका पत्रातून कळत होते. पण ते पत्र बँकेला द्यायचे होते, म्हणून मालक ते घेऊन निघून गेले.

मधल्या काळात एका जुळणीच्या संगणकावरील प्रिंटर ‘काढून पुन्हा टाकावा’ असे ठरले. काढला गेला, परत टाकता आला नाही. आता त्या संगणकावर प्रिंटरचा ड्रायव्हर, कागदाचे ठरवलेले आकार आणि ट्रेसिंगसाठी वर्षानुवर्षे घासून बसवलेली गडदपणाची मापे, सारेच गेले. अडचण एक होती, तिच्या दोन झाल्या.

पहिला उपाय

दुपारी गावातील तंत्रज्ञाला बोलावले. त्याने काउंटरच्या संगणकावरची अपडेटची यादी पाहिली, आदल्या रात्रीचे अपडेट ओळखले आणि ते काढून टाकले. प्रिंटर पुन्हा चालू लागला. निदानाचा वेग पाहता हे काम चांगलेच झाले होते आणि त्या संध्याकाळी अहवालाची प्रूफे बाहेर पडली.

परंतु विंडोज १० मध्ये काढून टाकलेले मासिक अपडेट पुढच्या तपासणीत पुन्हा आपोआप उतरते, ते थांबवून ठेवले नसेल तर. थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे आणि ती जास्तीत जास्त ३५ दिवसांपुरती आहे. तंत्रज्ञाकडून हे राहून गेले. अनंत चतुर्दशी रविवारी, १९ तारखेला झाली आणि सोमवारी सकाळी तोच संकेतांक तेथे पुन्हा हजर होता. यावेळी तंत्रज्ञाने अपडेट दुसऱ्यांदा काढले आणि विंडोजची अपडेट-सेवाच बंद करून टाकली, म्हणजे पुन्हा असे होणे नाही.

या काढ-घालीत एक लहान उपद्रवही झाला. काउंटरच्या संगणकावर ‘मुख्य प्रिंटर कोणता ते विंडोजला ठरवू द्या’ हा पर्याय चालू होता. तो चालू असला की ज्या प्रिंटरवर शेवटचे काम झाले तो आपोआप मुख्य होतो. लेझर प्रिंटर बंद असताना रंगीत प्रूफांच्या इंकजेटवर काही छापले गेले होते, त्यामुळे पुढची सगळी बिले इंकजेटवर निघू लागली. मालकांनी हेही अपडेटच्याच नावावर जमा केले. त्यांना दोष देता येत नाही, पण हे काम अपडेटचे नव्हते.

मला बोलावले ते सोमवारी संध्याकाळी, आणि प्रिंटरसाठी नव्हे. मालकांना मला एवढेच विचारायचे होते की अपडेट कायमचे बंद केले तर चालेल ना.

मूळ कारण

मूळ कारण समजून घेतल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. २०२१ चे वर्ष विंडोजच्या छपाई-व्यवस्थेसाठी वाईट गेले. जूनअखेरीस ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली, तिच्यासाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीचे अपडेट काढावे लागले आणि ऑगस्टमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर टाकण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागू झाला. मुद्रणालयाला भोवलेली गोष्ट यांपैकी नव्हती. ती सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतील सीव्हीई-२०२१-१६७८ या क्रमांकाच्या वेगळ्या त्रुटीशी संबंधित होती. संगणक प्रिंटरच्या यजमान संगणकाशी, म्हणजे प्रिंटर ज्याला जोडलेला आहे त्याच्याशी, बोलतो तेव्हा ते बोलणे अधिक कडक ओळख-तपासणीने आणि सांकेतिक रूपात व्हावे, असा बदल जानेवारी २०२१ च्या अपडेटमध्ये दाखल झाला होता. तेव्हा तो ऐच्छिक होता. १४ सप्टेंबरच्या अपडेटने तो सक्तीचा केला.

यजमान संगणक कडक झाला आणि समोरच्या संगणकाला कडकपणाची ती भाषा येत नसेल, तर जोडणी नाकारली जाते. जानेवारी २०२१ चे अपडेट ज्याला मिळाले होते, तो मालकांचा लॅपटॉप बोलू शकला. विंडोज ७ च्या दोन्ही संगणकांना ते कधी मिळालेच नव्हते.

म्हणजे बिघाड या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने येथे काही बिघडलेले नव्हते. बदल हेतुपुरस्सर होता, आठ महिने आधी जाहीर झालेला होता आणि ज्या संस्थांकडे अशा सूचना वाचणारे कोणी असते त्यांच्यासाठी तो वेळेवर सांगितलेलाही होता. तालुक्याच्या गावातील मुद्रणालयात सुरक्षा-सूचना वाचणारे कोणी नसते. त्यांना सूचना मिळते ती संकेतांकाच्या रूपात, प्रूफ काढताना.

अपडेटविषयीचा मालकांचा अविश्वासही निराधार नव्हता, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ तारखेला प्रसृत झाली आणि काही वापरकर्त्यांच्या दस्तऐवजांच्या फाइली नाहीशा झाल्याच्या तक्रारींमुळे काही दिवसांतच तिचे वितरण थांबवावे लागले. ती पुन्हा दिली गेली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. मालकांच्या फाइली तेव्हा गेल्या नव्हत्या, पण बातमी त्यांच्या लक्षात राहिली होती आणि अठरा वर्षांच्या फाइलींवर बसलेल्या माणसाने ती लक्षात ठेवणे शहाणपणाचेच होते.

विचारात घेतलेले पर्याय

त्या संध्याकाळी परिस्थिती अशी होती. एका दिवाळी अंकाचे काम हाती होते. अंक १६० पानांचा, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे (एका मोठ्या कागदावर मिळून छापल्या जाणाऱ्या पानांचा गट म्हणजे फर्मा). सहा फर्म्यांची जुळणी झालेली होती आणि संपादकांना अंक दसऱ्यापूर्वी, म्हणजे १५ ऑक्टोबरच्या आत हवा होता. त्याखेरीज दोन पतसंस्थांचे वार्षिक अहवाल सप्टेंबरमध्येच द्यायचे होते.

पहिला पर्याय तंत्रज्ञाने केलेलाच होता : अपडेट काढलेले ठेवायचे आणि अपडेट-सेवा बंद. पैसे लागत नव्हते, काम चालू होते. त्याविरुद्ध माझा मुद्दा एकच होता आणि तो मी मालकांना त्यांच्याच ईमेलची पेटी उघडून दाखवला. विंडोजचे मासिक अपडेट एकत्रित असते, त्यातला छपाईचा एक बदल नको म्हणून वेगळा काढता येत नाही, काढायचे तर सगळेच जाते. सप्टेंबरच्या त्याच अपडेटमध्ये सीव्हीई-२०२१-४०४४४ या त्रुटीचा बंदोबस्त होता. या त्रुटीचा गैरफायदा मुद्दाम तयार केलेल्या ऑफिस-दस्तऐवजांतून प्रत्यक्षात घेतला जात असल्याचे मायक्रोसॉफ्टने ७ सप्टेंबरलाच जाहीर केले होते. दिवसाला पंधरा-वीस अनोळखी वर्ड-फाइली उघडणाऱ्या संगणकावरून नेमके तेच अपडेट काढलेले होते.

दुसरा पर्याय, जुळणीच्या संगणकांवर विंडोज १० टाकण्याचा. त्या वेळी विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती मिळत होती, त्यामुळे डोंगल चालण्याची शक्यता होती. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे, आणि दिवाळी अंकाच्या मध्यावर ती तपासून पाहणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलणे झाले असते.

तिसरा पर्याय, जुळणीच्या संगणकावर पीडीएफ तयार करून ती काउंटरवरून छापण्याचा. पीडीएफमध्ये टंक आतच बसवता येतात, त्यामुळे जुने टंक नसलेल्या संगणकावरही पान जसेच्या तसे निघते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता आणि मला तोच आवडला होता. ताईंनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. प्रत्येक पानाचे प्रूफ दिवसातून चार-पाच वेळा निघते आणि प्रत्येक वेळी पीडीएफ करून, उठून काउंटरवर जाऊन, गिऱ्हाईक बाजूला सारून छापायचे तर अंक दसऱ्याला नव्हे, देवदिवाळीला निघेल. शिवाय ट्रेसिंगच्या गडदपणाची मापे त्यांच्या संगणकावरच्या ड्रायव्हरमध्ये होती, काउंटरवर नव्हती. माझ्या पसंतीपेक्षा त्यांचे हिशेब अधिक खरे होते.

चौथा पर्याय प्रिंटरच्या मागच्या बाजूला होता. तेथे नेटवर्कच्या वायरीसाठी खाच होती आणि तिच्यावर कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे बूच अजून तसेच होते. प्रिंटर थेट नेटवर्कवर जोडला तर यजमान संगणकाची गरजच उरत नाही, प्रत्येक संगणक प्रिंटरशी स्वतः बोलतो आणि विंडोज १० च्या कडकपणाचा विंडोज ७ ला प्रश्न येत नाही. इतकी वर्षे हे का केले नाही, याचे उत्तर शोधायला खाली वाकावे लागले : नेटवर्कच्या पाच खाचांच्या स्विचमध्ये राउटर, तीन संगणक आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसून तो भरला होता. आठ खाचांचा स्विच आणायला कोणी गेले नव्हते.

पाचवा पर्याय म्हणजे काउंटरच्या संगणकावर अपडेट ठेवायचे, मात्र रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या आतील सेटिंगच्या साठ्यातील, एक मूल्य शून्य करून छपाईपुरती ती कडक तपासणी शिथिल करायची. यामुळे सीव्हीई-२०२१-१६७८ पुरते दार उघडे राहते, बाकीचे संरक्षण कायम राहते.

निर्णय आणि कृती

चौथा पर्याय उघडच योग्य दिसतो आणि हे प्रकरण ऐकणारे बहुतेक जण विचारतात की तो त्याच दिवशी का अमलात आणला नाही. स्विच दुसऱ्या दिवशी मिळाला असता. अडचण पेजमेकरची होती. पानाची जुळणी कोणत्या प्रिंटरसाठी केली आहे, हे पेजमेकर फाइलीतच नोंदवून ठेवतो आणि तो प्रिंटर बदलला की मांडणी पुन्हा बसवायला निघतो. नव्या जोडणीसाठी ड्रायव्हर नव्याने टाकावा लागणार होता. सहा फर्मे, म्हणजे शहाण्णव पाने, जुळून आणि बरीचशी तपासून झालेली असताना ओळी सरकण्याचा धोका पत्करायचा की नाही, हा निर्णय होता. मालक, ताई आणि मी असे तिघे मिळून ठरले की अंक बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

म्हणून पाचवा पर्याय तात्पुरता स्वीकारला. सोमवारी रात्री काउंटरच्या संगणकावर अपडेट-सेवा पुन्हा सुरू केली, अपडेट उतरू दिले, रजिस्ट्रीतील मूल्य शून्य केले, छपाईची सेवा बंद करून परत चालू केली. ज्या जुळणीच्या संगणकावर प्रिंटर शाबूत होता त्यावरून लगेच पान निघाले. दुसऱ्यावर तो नव्याने टाकावा लागला आणि ट्रेसिंगची मापे ताईंनी पहिल्या संगणकावर पाहून पुन्हा बसवली. त्याला जवळजवळ अर्धा दिवस गेला. जुळणीच्या दोन्ही संगणकांचा इंटरनेटशी संबंध राउटरमधूनच तोडला, नाहीतरी त्यांना त्याची गरज नव्हती. मुख्य प्रिंटर ठरवण्याचा अधिकार विंडोजकडून काढून घेतला, तेव्हा बिले पुन्हा लेझरवर निघू लागली.

शिथिल केलेली तपासणी कायम तशीच राहू नये यासाठी दिवाळीनंतर, १० नोव्हेंबरला, प्रिंटर नेटवर्कवर घेऊन मूल्य परत एक करायचे असे ठरले. मी ते एका चिठ्ठीवर लिहून काउंटरच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवले. ही चिठ्ठी या प्रकरणातील माझी सर्वांत मोठी चूक होती.

परिणाम

अहवाल वेळेवर गेले. अंक दसऱ्याच्या दोन दिवस आधी बांधून तयार झाला. चारही संगणकांवरून छपाई चालू होती आणि काउंटरच्या संगणकाला ऑक्टोबरचे अपडेटही मिळाले, त्याने काही मोडले नाही.

१० नोव्हेंबर मात्र आला आणि गेला. तुळशीचे लग्न झाले की लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते आणि त्या गर्दीत प्रिंटर बंद ठेवायला कोणीही मालक तयार होत नाही. काम पौषावर ढकलले गेले, कारण पौषात मुहूर्त नसतात. जानेवारी २०२२ मध्ये आठ खाचांचा स्विच आला, प्रिंटरचे बूच निघाले आणि त्याला ठरावीक पत्ता देऊन तो थेट नेटवर्कवर घेतला. भीती खरी ठरली : एका शाळेच्या अहवालाची आदल्या वर्षीची फाइल उघडली तेव्हा काही पानांवरची शेवटची ओळ पुढच्या स्तंभात गेलेली दिसली. ताईंनी ती एका दुपारी ओढून बसवली. हेच शहाण्णव पानांवर, अंकाच्या घाईत करावे लागले असते.

रजिस्ट्रीतील मूल्य मात्र तसेच शून्य राहिले. दिवाळीच्या साफसफाईत काउंटरचा जुना मॉनिटर बदलला होता आणि चिठ्ठी त्याच्याबरोबर भंगारात गेली होती. जानेवारीत प्रिंटर हलवण्याच्या गडबडीत मलाही ते आठवले नाही. मार्च २०२२ मध्ये दुसऱ्याच कामासाठी गेलो असता ते लक्षात आले. म्हणजे सात आठवड्यांसाठी केलेली सवलत जवळजवळ सहा महिने चालली, आणि त्यांतले शेवटचे दोन महिने तर तिची काही गरजही नव्हती. सुदैवाने त्यातून काही वाईट घडल्याचे दिसले नाही. मूल्य परत एक केले आणि यूएसबीवरचे जुने शेअरिंगही बंद केले.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा गुरुवार सकाळचा. लॅपटॉपवरून पत्र निघाले त्या क्षणी थांबून एवढेच विचारले असते की कोणत्या संगणकावरून छपाई होते आणि कोणत्यावरून होत नाही, तर वायर, प्रिंटर आणि उंदीर हे तिन्ही संशयित पाच मिनिटांत सुटले असते. त्याऐवजी चालू असलेली मांडणी पुसून पुन्हा टाकण्याकडे हात गेला. ‘काढून परत टाकू’ हा आपल्याकडच्या संगणक-दुरुस्तीचा जणू पहिला संस्कार आहे, आणि ज्या सेटिंगची कुठे नोंदच नाही तिथे तो सर्वांत महाग पडतो. ट्रेसिंगची मापे फक्त त्या दोन संगणकांत होती. दुसऱ्यावरचाही प्रिंटर त्याच झपाट्यात काढला गेला असता, तर ती मापे पुन्हा अंदाजाने शोधावी लागली असती आणि चार-सहा प्लेटा वाया गेल्या असत्या.

दुसरा मुद्दा तंत्रज्ञाच्या निर्णयाचा. गुरुवारी अपडेट काढणे हे माझ्या मते योग्य होते : कारण माहीत नसताना, काम अडलेले असताना, मागे फिरता येईल असे पाऊल त्याने उचलले. त्याच वेळी अपडेट दोन-तीन आठवडे थांबवून ठेवले असते तर विचाराला वेळ मिळाला असता. सोमवारी अपडेट-सेवाच बंद केली हे मात्र चुकले. त्याला कोणी मुदत नव्हती आणि बंद केल्याची नोंदही कुठे नव्हती. मी गेलो नसतो तर हा संगणक कदाचित वर्षानुवर्षे तसाच राहिला असता. असे संगणक मी इतरत्र पाहिले आहेत, आणि ते का बंद केले होते हे सांगणारा माणूस बहुतेक ठिकाणी कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

तिसरा मुद्दा माझा. चिठ्ठीऐवजी ती तारीख मालकांच्या ऑर्डरच्या वहीत, गिऱ्हाइकाला माल द्यायच्या तारखांमध्ये लिहिली असती, तर ती वाचली गेली असती, कारण ती वही रोज सकाळी उघडते. मी तांत्रिक कामाची नोंद तांत्रिक वस्तूवर चिकटवली. शिवाय प्रिंटर हलवणे आणि मूल्य परत आणणे ही दोन कामे मी एकाच ओळीत लिहिली होती, म्हणून पहिले झाल्यावर दुसरेही झाले असेच सर्वांना, मलासुद्धा, वाटले.

चौथा मुद्दा वेळेचा, आणि यावर मालकांचे व माझे आजही पूर्ण एकमत नाही. त्यांच्या मते काउंटरच्या संगणकाने हंगामात अपडेट घेऊच नये. माझ्या मते तो संगणक बाहेरच्या फाइली उघडतो, त्यामुळे त्याने ते घ्यावेच, पण दुसऱ्या मंगळवारनंतर आठवडाभर थांबून, शनिवारी संध्याकाळी, आणि रविवारी एक प्रूफ व एक बिल काढून पाहावे. म्हणजे काही मोडले तर ते गिऱ्हाइकासमोर मोडत नाही. सध्या हाच मधला मार्ग चालू आहे. वर्षातून एक-दोनदा तो पाळला जात नाही, बहुधा दिवाळीच्या आधी.

त्यानंतरची स्थिती

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. काउंटरचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून त्या वर्षी गणपतीच्या आधीच तो बदलला. नवा संगणक विंडोज ११ घेऊन आला आणि प्रिंटर थेट नेटवर्कवर असल्यामुळे या बदलाचा छपाईला धक्का लागला नाही.

जुळणीचे दोन संगणक अजून विंडोज ७ वर आहेत, इंटरनेटशिवाय. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही, त्यामुळे डोंगलसाठी पुढचा रस्ता बंद आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम ताईंनी सुरू केले आहे. एकदम सगळ्या न घेता, ज्या गिऱ्हाइकाचे काम येईल त्याची फाइल त्या वेळी रूपांतरित करायची, असे ठरले आहे. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर साधा मजकूर नीट आणते, पण रफार कधी एक अक्षर मागे-पुढे बसतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, त्यामुळे प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते. दोन डोंगलपैकी एक गेल्या पावसाळ्यात बंद पडला. उरलेला एक दिवसभर दोन संगणकांमध्ये फिरतो आणि संध्याकाळी तिजोरीत ठेवला जातो.